मोडीतलं कपाट

जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या, न्यूझीलंडच्या, ऐन थंडीत, मी आईला घेऊन पामर्स्टन नॉर्थमधल्या जुन्या फर्निचरच्या एका दुकानात शिरले, ती केवळ वाऱ्यापासून सुटका म्हणून. या गावाला सगळे लाडानं 'पामी' म्हणतात. पामीचा वारा तारारुआच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांना पुरून उरतो आणि मग उरलेला आमच्या कानांत शिरतो. दुकानात हीटर होता, लाकडाला लावायच्या मेणाचा वास होता, आणि मागच्या कोपऱ्यात गुंडाळत्या झाकणाचं एक लिहायचं टेबल होतं. इकडे त्याला रोल-टॉप डेस्क म्हणतात. त्याच्या कुलपाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. वर किंमत, अठराशे पन्नास डॉलर. खाली एकच ओळ : एकेकाळी एका वैद्यकीय शास्त्रज्ञाच्या मालकीचं.

मी आईला वाचून दाखवलं.

"नाव काय त्या शास्त्रज्ञाचं?"

"लिहिलं नाहीये."

"मग काय अर्थ आहे? आपल्याकडे वाटीवरसुद्धा नाव घालतात."

हे खरंच होतं. आमच्या चिंचवडच्या घरात अशी एक वाटी नाही की जिच्या बुडाशी कोणाचं तरी नाव, तारीख आणि 'यांजकडून' असं टोचून लिहिलेलं नाही. वास्तुशांतीत, मुंजीत, मंगळागौरीत आलेल्या त्या स्टीलच्या भांड्यांची कुंडली बुडाशीच असते. देणारी माणसं गेली तरी वाट्या सांगतात कोण कोणाचं होतं ते. जुन्या फर्निचरच्या धंद्यात हीच कुंडली लाख मोलाची. लाकूड, कारागिरी, वय यांचे पैसे असतातच, पण खरा भाव चढतो तो मागच्या मालकाच्या नावानं.

दुकानदार साठीच्या पुढचा, लोकरी टोपी घातलेला. त्यानं सांगितलं की टेबल एका वारलेल्या गृहस्थाच्या घरातून आलंय, त्यांच्या घरच्यांनी सांगितलं तेवढं मी लिहिलं. नाव विचारून ठेवतो म्हणाला. आईला इंग्रजी बरंच कळतं, पण बोलायचा कंटाळा. तिनं तोवर सगळ्यात खालचा खण ओढून काढला आणि सरळ पालथा केला, तुळशीबागेत डबा घेताना करते तसा. मी ओशाळले. दुकानदार मात्र खूश झाला. जुनं लाकूड पाहायची हीच रीत, म्हणाला.

मग त्यानं आम्हाला शिकवणीच दिली. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारख्या दात्यांनी. ते दाते अगदी एकसारखे असतील तर यंत्रानं कापलेत. थोडे लहानमोठे, एखादा तिरका असेल तर हातानं. पाठीमागच्या फळीवर करवतीच्या खुणा सरळ असतील तर हातकरवत, कमानीसारख्या असतील तर गोल पात्याची गिरणी. लाकूड आडवं आकसतं, उभं नाही, म्हणून शंभर वर्षांचं गोल टेबल मोजलं तर किंचित लांबट भरतं. आमच्या टेबलाचे दाते एकसारखे होते आणि मागच्या खुणा कमानीच्या. म्हणजे कारखान्यात बनलेलं, ओकचं, जहाजातून आलेलं. उजवीकडच्या खणात शाईचा मोठा डाग होता. आईनं त्याला नाक लावलं.

"कसला वास येतोय?"

"कपाटाचा," ती म्हणाली.

त्या डागावर मी घरी येईपर्यंत विचार करत होते. नाव नसलेल्या शास्त्रज्ञाची शाई. समजा नाव असतं, मोठं असतं, तर?

उत्तर ठाऊक आहे. २०१७ साली लंडनच्या लिलावात अलेक्झांडर फ्लेमिंगनं स्वतः वाढवलेल्या बुरशीची एक छोटी चकती साडेचौदा हजार अमेरिकन डॉलरच्या आसपास गेली. बुरशी! जी आपण लोणच्यावर दिसली की बरणीच्या बरणी फेकतो ती. फ्लेमिंग असल्या चकत्या काचेत बसवून मोठमोठ्यांना भेट द्यायचे, आणि आज त्या पुराणवस्तू झाल्यात. फ्रॉइडच्या कोचाचं तर देवस्थानच आहे. लंडनच्या २०, मॅरेसफील्ड गार्डन्स या घरात तो इराणी गालिचा पांघरून पडलाय आणि माणसं तिकीट काढून त्याचं दर्शन घेतात. तो कोच फ्रॉइडला एका रुग्णबाईंनी भेट दिला होता, साधारण १८९० साली. १९३८मध्ये नाझींच्या तावडीतून व्हिएन्ना सोडताना तो बरोबर आला. फ्रॉइडच्या टेबलावर कोलकात्याच्या मंडळींनी १९३१ साली पंचाहत्तरीनिमित्त पाठवलेली हस्तिदंती विष्णूची मूर्तीही होती. आपल्याकडे केसरीवाड्यात टिळकांचं लिहायचं टेबल पाहताना आपण असेच गप्प होतो. यात हसण्यासारखं काही नाही. ज्या जागी कोणीतरी बसून काही केलं, ती जागा पाहावीशी वाटतेच.

पण वैद्यकाच्या इतिहासातलं मला सगळ्यात प्रिय असलेलं फर्निचर कोचही नाही आणि टेबलही नाही. ते पुस्तकांचं एक कपाट आहे, आणि ते एका ग्रंथालयानं मोडीत काढलेलं होतं.

गोष्ट ऑक्सफर्डची, १९४०ची. पेनिसिलिन सापडून बारा वर्षं झाली होती. १९२८ साली फ्लेमिंगच्या बशीत बुरशी पडली, तिच्याभोवतीचे जंतू मेले, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पुढचं कोणी शिकवत नाही. पुढचं असं की बुरशीच्या पाण्यातून तो पदार्थ बाहेर काढणं फ्लेमिंगना जमलं नाही. तो फार नाजूक. तापवला तर मरतो, आम्ल झालं तर मरतो, नुसता ठेवला तरी मरतो. हॉवर्ड फ्लोरी हा ऑस्ट्रेलियन आणि अर्न्स्ट चेन हा जर्मनीतून पळून आलेला ज्यू, या दोघांनी ऑक्सफर्डच्या विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते काम पुन्हा हातात घेतलं. त्यांच्या हाताखाली नॉर्मन हीटली नावाचा एक तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ होता. जन्म १९११चा. उंच, सडपातळ, अतिशय लाजरा, आणि हातानं काहीही बनवू शकणारा. प्रत्येक मोठ्या घरात असा एक भाचा किंवा पुतण्या असतो. फ्यूज त्यानंच बसवायचा, गणपतीचं मखर त्यानंच करायचं, आणि आरतीच्या फोटोत तोच नसायचा, कारण फोटो काढणाराही तोच.

हीटलीला सुचलेली युक्ती अशी. बुरशीचं पाणी गार ठेवून त्यात थोडं आम्ल घालायचं. आंबट झालेल्या पाण्यात पेनिसिलिनचं मन रमत नाही, ते शेजारच्या ईथरमध्ये उडी मारतं. ईथरमधून ते बाहेर काढणं हीच मोठी अडचण होती. हीटली म्हणाला, त्यात काय, ते पुन्हा पाण्यात आणू, फक्त या वेळी पाणी जरा अल्कली असू द्या. चेनना हे हास्यास्पद वाटलं. इतकं सोपं असतं तर आधीच कोणीतरी केलं असतं, असं मोठ्या माणसांना नेहमीच वाटतं. हीटलीनं मार्च १९४०मध्ये ते करून दाखवलं.

आता हे बशीत नाही, बादल्यांच्या हिशेबानं करायचं होतं. युद्ध चालू. तांबं नाही, काच नाही, पैसे नाहीत. ऑक्सफर्डचं जगप्रसिद्ध बोडलियन ग्रंथालय त्या सुमारास काही जुनी कपाटं काढून टाकत होतं. त्यातलं एक ओकचं उभं कपाट हीटलीनं उचललं. फळ्यांवर जिथं ग्रंथ असायचे तिथं बाटल्या आल्या, काचेच्या नळ्या आल्या, बर्फानं गार ठेवायची वेटोळी आली. वरच्या फळीवरून आंबट केलेलं बुरशीपाणी बारीक थेंबांनी नळीत उतरायचं, समोरून दुसरा द्रव यायचा, पेनिसिलिन एकातून दुसऱ्यात जायचं. बाटली रिकामी झाली की रंगीत दिवा लागायचा. आणि लक्ष वेधायला हीटलीनं त्याला एक जुनी घंटा जोडली होती. दाराची घंटा! टाकून दिलेल्या पुस्तकांच्या कपाटाला दाराची घंटा. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस आपल्याकडचाच आहे.

बुरशी वाढवायची भांडी हा दुसरा प्रश्न. ती उथळ आणि पसरट हवीत, कारण बुरशी पृष्ठभागावर वाढते. हीटलीनं बिस्किटांचे डबे, थाळे, काय मिळेल ते वापरून पाहिलं. सगळ्यांत सरस ठरलं ते इस्पितळातलं बेडपॅन. अंथरुणात पडून राहिलेल्या पेशंटला देतात ते. मग त्यानं तसंच, पण एकावर एक रचता येईल असं चौकोनी भांडं आखलं आणि बर्स्लेम या कुंभारांच्या गावातून पाचशे चिनीमातीची भांडी करून घेतली. पहिली १७४ तयार झाली तेव्हा २३ डिसेंबर १९४० उजाडला होता. हीटली उसनी व्हॅन घेऊन स्वतः ती आणायला गेला, आणि नाताळच्या दिवशी त्यात बुरशी पेरत बसला. पुढे या भांड्यांची देखभाल करायला सहा मुली नेमल्या. 'पेनिसिलिन गर्ल्स' म्हणायचे त्यांना.

कपाटाच्या आधीचा एक प्रसंग राहिला. २५ मे १९४०, शनिवार. आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. फ्लोरी घरी गेले. हीटली बसून राहिला. पहाटे पावणेचारपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेले. औषध दिलेले चारही जिवंत. ब्लॅकआउटच्या अंधारात हीटली घरी गेला. त्याच रविवारी डंकर्कहून सैन्य परतवायला सुरुवात झाली, त्यामुळे वर्तमानपत्रांत उंदरांना जागा असणं शक्यच नव्हतं.

या पेनिसिलिननं उपचार झालेला पहिला रुग्ण होता अल्बर्ट अलेक्झांडर, पोलीस शिपाई. चेहरा पुवानं भरलेला, एक डोळा काढावा लागलेला. १२ फेब्रुवारी १९४१ला औषध सुरू झालं आणि तो चार-पाच दिवसांत उठून जेवायला लागला. औषध इतकं थोडं की त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढत आणि त्यालाच पुन्हा टोचत. तरी संपलं. १५ मार्चला तो गेला. या एका मृत्यूचं ओझं त्या प्रयोगशाळेनं पुढे कायम वाहिलं, असं मला वाटतं. गुण आला होता, माल कमी पडला.

१९४५चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांना विभागून देत नाहीत. हीटली चौथा. १९९०मध्ये ऑक्सफर्डनं त्याला वैद्यकातली मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा होता. वैद्य नसलेल्या माणसाला ही पदवी देण्याची ऑक्सफर्डच्या आठशे वर्षांतली ती पहिली वेळ. २००४च्या जानेवारीत तो वारला. त्याच प्रयोगशाळेचे नंतरचे प्रमुख हेन्री हॅरिस यांनी या साऱ्याची साखळी मांडून ठेवलीय. तिचा मथितार्थ असा, की फ्लेमिंगवाचून फ्लोरी-चेन नाहीत, फ्लोरीवाचून हीटली नाही, आणि हीटलीवाचून पेनिसिलिन नाही.

हे सगळं मी आईला बनीथॉर्पच्या वाटेवर सांगितलं. बनीथॉर्प पामीपासून दहाएक किलोमीटरवर, गाडीनं पंधरा मिनिटं. दोन्ही बाजूंना गाईच गाई. गाव असं नाहीच, एक रस्ता आणि त्यावर थोडी घरं. त्या रस्त्यालगत एक ओसाड कारखाना उभा आहे. मी गाडी थांबवली आणि आईला म्हटलं, वर वाच.

भिंतीवर ठळक अक्षरं : ग्लॅक्सो.

आई काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, आमचा साबुदाण्याचा डबा!"

तिच्या माहेरी ग्लॅक्सोच्या दूध पावडरीचे रिकामे डबे होते. एकात साबुदाणा, एकात वऱ्याचे तांदूळ, एकात आजीची चिल्लर. गुटगुटीत मुलाला बायका 'अगदी ग्लॅक्सो बेबी' म्हणायच्या, आणि मग लगेच दृष्ट काढायच्या. ती ग्लॅक्सो इथली, या गाईंच्या दुधाची, हे तिला माहीत नव्हतं. इथल्याही पुष्कळांना माहीत नाही. जोसेफ नेथन यांच्या वेलिंग्टनच्या व्यापारी कंपनीनं १९०४मध्ये इथं दूध सुकवायला सुरुवात केली. वाफेनं तापवलेल्या फिरत्या रुळांवर दुधाचा पातळ थर सोडायचा आणि वाळला की पात्यानं खरवडून काढायचा. तव्यावरचं धिरडं समजा, फक्त तवा गोल फिरतोय. नाव 'लॅक्टो' ठेवायचं होतं, पण त्या धर्तीची नावं आधीच नोंदलेली होती. मग अक्षरं फिरवून, वाढवून 'ग्लॅक्सो' झालं आणि १९०६ साली नोंदलं गेलं. लंडनमध्ये ती पावडर बाळांचं अन्न म्हणून खपू लागली. तिची तपासणी करायला १९१९मध्ये हॅरी जेफकॉट नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ ठेवला, आणि त्यानं कंपनीला दुधातून ड जीवनसत्त्वाकडे आणि तिथून औषधांकडे वळवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जे पेनिसिलिन बनलं त्यातला मोठा वाटा याच कंपनीचा. आपल्याकडे वरळीला त्यांचा कारखाना होता, आणि कॉम्प्लॅन, ग्लुकॉन-डी हे डबेही एकेकाळी त्यांचेच.

म्हणजे ऑक्सफर्डमध्ये मोडीतल्या कपाटातून जे थेंबथेंब उतरलं, ते हजारो लिटरांनी बनवणाऱ्यांत बनीथॉर्पच्या दुधावर पोसलेली कंपनी होती. इथं ते सांगणारी साधी पाटीही मला दिसली नाही. नुसती अक्षरं, आणि फुटक्या खिडक्यांतून ये-जा करणारे पारवे.

"दादाला सांगायला हवं होतं," आई म्हणाली.

दादा म्हणजे माझे थोरले मामा. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे आमच्या भाषेत 'एच.ए.'मध्ये, ते आयुष्यभर फर्मेंटेशनला होते. भारत सरकारनं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ साली हा कारखाना काढला आणि पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन बनू लागलं. पिंपरी-चिंचवडची एवढी मोठी उद्योगनगरी होण्याआधीची ही गोष्ट. एच.ए.मध्ये नुसतं बाहेरचं औषध बनत नव्हतं, एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं बुरशीच्या संसर्गावरचं हमायसिन शोधून काढलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याच्या शास्त्रीय नावातच 'पिंप्रिना' आहे. मामा हे नाव घरात कोणी पाहुणा आला की सांगायचे, जणू पोराचं बारसं त्यांनीच केलंय. ते सेकंड शिफ्टहून आले की कपड्यांना एक गोडसर, आंबूस वास यायचा. मामी ते कपडे वेगळे भिजवायची.

घरगुती वस्तूंशी वैद्यकशास्त्राचं हे सूत जुनं आहे, आणि त्यातला सगळ्यांत सुंदर प्रयोग ऑक्सफर्डचा नाही, मुंबईचा आहे. १८९६च्या प्लेगात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला. प्लेगचे जंतू बोकडाच्या मटणाच्या रश्श्यात वाढवायचे होते, पण ते नीट वाढेनात. हाफकिननं रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. तूप वर तरंगलं, आणि त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबू लागले, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. भांडं हलवायचं, सुळके गळून पडायचे, नवे धरायचे. १० जानेवारी १८९७ला त्यानं ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. आईला यातलं फक्त तूप पटलं. "साजूक असणार," म्हणाली, "डालड्याला नसते धरले."

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. खरं तर मीच गेले, मला त्या नावाची उत्सुकता होती. टेबल तिथंच होतं. चिठ्ठी मात्र नवी. त्यावर आता 'एका डॉक्टरांच्या मालकीचं' असं होतं, आणि किंमत चौदाशे. दुकानदारानं प्रांजळपणे सांगितलं की घरच्यांना विचारलं, त्यांचं म्हणणं आजोबा साधे गावातले डॉक्टर होते, शास्त्रज्ञ हा शब्द सुनेच्या तोंडचा.

आईला हा हिशेब कळेना. "टेबल तेच, शाई तीच. साडेचारशे डॉलर गेले कुठे?"

मी दुकानदाराला भाषांतर करून सांगितलं. तो टोपी मागे सरकवून खूप हसला, पण किंमत काही अजून उतरवली नाही.

आम्ही टेबल घेतलं नाही. आमच्याकडे त्याला जागाही नाही. बैठकीच्या खोलीतली एक भिंत आधीच अडलीय. इथल्या एका वाचनालयानं काही वर्षांपूर्वी जुनी कपाटं काढून टाकली, तेव्हा वीस डॉलरला एक रीमूचं कपाट आम्ही उचलून आणलं होतं. रीमू म्हणजे इथलं देशी लाकूड, तांबूस, सागाच्या जवळ जाणारं. त्याच्या फळ्यांच्या कडेला अजून पितळी चौकटी आहेत, विषयाचा क्रमांक अडकवायच्या. मागच्या अंगणात लिंबाला या थंडीत बहर होता, आईनं तीन बरण्या लोणचं घातलं होतं, आणि त्या ठेवायला तिनं मधली फळी रिकामी करून पुसून काढली. चौकटीत पिवळ्या पडलेल्या कार्डावर ६३६ हा आकडा होता.

"हे काय?"

"पुस्तकांचा नंबर. गुरं-ढोरं, पशुसंवर्धन. काढून टाकू का?"

तिनं तीनही बरण्या ओळीनं लावल्या, दादरे बांधले, आणि एक पाऊल मागे जाऊन पाहिलं.

"राहू दे," म्हणाली. "नाव नाही तर नाही, नंबर तरी आहे."